तिकिटावरचे सहा तास

आर्वी असो की हिंगणघाट, आता प्रत्येक वस्तीत एखादी तरी आई असतेच, जिची लेक किंवा सून अमेरिकेत आहे. बाळंतपणाची तारीख कळते, तिकीट येतं आणि पहिला प्रश्न पडतो, 'किती तासांचा प्रवास गं?' उत्तर तिकिटावरच असतं, पण ते वाचायची एक रीत आहे.

समजा, विमान मुंबईहून रात्री दीडला सुटतं आणि न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला सकाळी साडेसातला पोहोचतं. म्हणजे सहाच तास? छे हो! सुटायची वेळ आपल्या घड्याळाची, पोहोचायची तिथल्या. तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तेवढे तास मिळवा. उन्हाळ्यात साडेपंधरा, तर हिवाळ्यात साडेसोळा तास झाले.

त्यात वर्ध्याहून नागपूर विमानतळ गाडीने दीड-दोन तास, नागपूर-मुंबई विमान दीड तास, शिवाय दोन्हीकडे थांबणं, तपासणी. घर ते घर अठ्ठावीस-तीस तास सहज होतात. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने नुसत्या तिकिटावरच्या वेळा पाहिल्या, तर औषधाचं गणित चुकलंच समजा.

मुंबई ते नेवार्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पण विमानात किलोमीटरवरून तास ठरत नाहीत. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढली, तरी वेळ जवळपास दोन तासांनी वाचला! कारण उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो पाठीशी असला की विमान पळतं, समोरून आला की रेंगाळतं. म्हणून जायला आणि यायला सारखाच वेळ लागत नाही.

जवळची वाटही नकाशावर दिसते तशी नसते. मुलांच्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडे सरकतो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल, पापागरी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, ते थेट उत्तर ध्रुवावरून. सतरा तासांहून अधिक उड्डाण आणि चालवणाऱ्या सगळ्या बायका! मग आपण नुसतं बसून जायला कशाला घाबरायचं?

फक्त तयारी नीट हवी. सगळ्या वेळा भारतीय घड्याळात मांडून एका कागदावर लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्या. औषधं चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. विमानात अधूनमधून उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. आणि मनगटावरचं घड्याळ लेकीच्या घरी पोहोचेपर्यंत बदलू नका, गोळीची वेळ तेच सांगेल.