शून्य एरर, तरी हिशेब चुकलेला

टॅलीतून किंवा जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्या ईआरपीत डेटा नेताना पहिल्याच मॉक रनला चार हजार एरर आल्या, की ऑफिसवर सुतकी कळा येते. ‘आपला डेटाच कचरा आहे,’ असं म्हणून कुणीतरी मोकळंही होतं. बहुधा तसं नसतं. ज्या व्हेंडरचं मास्टर आधी चढलेलं नाही, त्याचं प्रत्येक बिल परत येणारच. बिलं सातशे असली तर एरर सातशे, कारण एकच. म्हणून लॉग ओळीओळीने वाचत बसू नये; एररच्या मजकुरानुसार गट पाडावेत. आणि क्रम पाळावा: आधी मास्टर, मग उघडी बिलं आणि ओपनिंग बॅलन्स.

याहून महागात पडणारा समज म्हणजे ‘एरर आलेल्या ओळी सुधारल्या की झालं’. समजा, फाइलमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी आहे आणि लोड करणारं टूल आधी महिना वाचतंय. २५/०४/२०२४ ही ओळ ते नाकारतं, कारण पंचविसावा महिना नसतो. पण ०५/०४/२०२४ बिनबोभाट आत जाते. ५ एप्रिलचं बिल ४ मेचं होतं. म्हणजे १३ तारखेपासून पुढच्या ओळी आरडाओरडा करतात आणि १ ते १२ मधल्या गुपचूप चुकतात (०४/०४ सारख्या तेवढ्या वाचतात). आपण नाकारलेल्या ओळी हाताने नीट करतो, पुन्हा लोड करतो, शून्य एरर येते आणि पेढे वाटले जातात. खरं तर तो अख्खा लोडच मागे घेऊन, तारखेची मांडणी दुरुस्त करून, सगळी फाइल पुन्हा चढवायला हवी होती.

‘पण ट्रायल बॅलन्स जुळला ना?’ जुळणारच! तारीख हलली म्हणून रक्कम हलत नाही. हलतं ते येणं-देणं किती दिवसांचं आहे याचं कोष्टक. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवण्याचं कायदेशीर बंधन असताना महिन्याभराची सरमिसळ परवडत नाही. म्हणून एकूण रकमेबरोबर बिलांची संख्या आणि पार्टीनिहाय थकबाकीचं वयही जुळवावं. ही नजर अकाउंट्सवाल्याची असते. सगळं आयटीवर सोपवून भागत नाही.

एक्सेलला आपण निरुपद्रवी हमाल समजतो. सीएसव्ही फाइल ‘नुसती बघायला’ उघडून सेव्ह केली, तरी ००४५१२ या कोडचा ४५१२ होतो आणि १६ अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५ अंकच नेमके जपतं. याच खोडीपायी काही मानवी जनुकांची नावं बदलावी लागली. ‘मार्च१’ हे नाव एक्सेल तारीख समजायचं. असे रकाने टेक्स्ट म्हणूनच आयात करावेत.

मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसली, की फाइल करप्ट ठरवली जाते. अनेकदा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो कन्व्हर्टरने बदलावा लागतो. नाव मधेच तुटत असेल तर कारण वेगळं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे ३० बाइटच्या रकान्यात काना-मात्रा धरून दहाच चिन्हं मावतात.

आणि गो-लाइव्हनंतरची प्रत्येक तक्रार मायग्रेशनच्या माथी मारू नये. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सुमारे ५२ लाख ग्राहकांना नव्या प्रणालीवर आणलं आणि लाखोंना आपलं खातंच उघडता येईना. डेटा नीट पोचला होता, कोलमडला तो प्लॅटफॉर्म, असं नियामकांनी नोंदवलं. २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला. आपल्याकडे तक्रार आली तर तीच नोंद तीन ठिकाणी बघावी: जुन्या प्रणालीत, लोडच्या फाइलमध्ये, नव्या टेबलमध्ये. तिन्हीकडे सारखी असून स्क्रीनवर चुकीची दिसत असेल, तर मायग्रेशनवाल्यांना घरी जाऊ द्यायला हरकत नाही.