टाक, तांदळा आणि कॅनव्हास

आमच्या देवघरात तुळजाभवानीचा चांदीचा टाक आहे. अंगठ्याच्या पेराएवढा. पिढ्यान्‌पिढ्या चिंच लावून उजळल्यामुळे त्यावरची देवी इतकी झिजली आहे की नाक-डोळे ओळखू येत नाहीत. दोन्ही अंगांना पसरलेल्या बारीक रेघा म्हणजे आठ हात, पायाशी एक उंचवटा म्हणजे महिषासुर. तरी घरातल्या लहान पोरालाही विचारा, ते सांगेल ही आई तुळजाभवानी आहे.

त्याच देवघराच्या वर भिंतीवर भवानीची तसबीर आहे. गोरी, गुलाबी गालांची देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे. पाहुणे तसबिरीकडे पाहून हात जोडतात, पण दसऱ्याला पूजा टाकाची होते आणि तुळजापूरला देवीला भेटवायला नेतात तोही टाकच. परंपरा आणि चित्रकला यांच्या नात्याचा विचार करताना मला नेहमी ही भिंत आणि हे देवघर आठवते.

एरवी आपण असे धरून चालतो की तसबीर ही परंपरा आणि आधुनिक चित्र हे परके, कळायला अवघड. माझे मत नेमके उलटे आहे. तसबिरीतली देवी वयाने फार लहान आहे. राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला तो 1894 साली. तिथून बाहेर पडलेले पहिले चित्र ‘शकुंतलाजन्म’. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक छाप, असे ते काम. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. युरोपीय तैलचित्रांतली छायाप्रकाशाची रीत, साडी नेसलेली देवी, मागे खरेखुरे वाटणारे आकाश हे सारे या छापील चित्रांनी घरोघरी पोचवले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आले. हे काम मोठेच झाले. पण त्यानंतर देव माणसासारखा दिसलाच पाहिजे अशी आपल्या डोळ्यांना सवय लागली.

त्याआधीचे डोळे वेगळे होते. माहूरची रेणुका पाहा: धड नाही, हात नाहीत, शेंदराने घडलेले एक भव्य मुख. बांधावरची मरीआई, ओढ्याकाठची सटवाई म्हणजे तांदळा, शेंदूर माखलेला बिनघडणीचा दगड, फार तर वर दोन डोळे चिकटवलेले. आकार कमीत कमी, रंग एक आणि पाहणाऱ्याची सारी श्रद्धा त्यात. अमूर्त चित्र म्हणजे काय हे आमच्या आजीला शब्दांत सांगता आले नसते, पण तिने जन्मभर त्यालाच कुंकू लावले.

तुळजापूरच्या गाभाऱ्यातही असेच काही घडते. मूर्ती काळ्या पाषाणाची, अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. अभिषेकाच्या वेळी शिल्प दिसते. एरवी महावस्त्र आणि दागिने यांत ते झाकलेले असते आणि भक्ताला दिसते ते मळवट भरलेले मुख. शारदीय नवरात्रात अलंकार महापूजा मांडतात. रथ अलंकार, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. मूर्ती तीच, भोवतीची मांडणी रोज निराळी. एके दिवशी ती शेषावर विसावते, दुसऱ्या दिवशी कृष्णाची मुरली तिच्याजवळ येते, तिसऱ्या दिवशी ती शिवरायांच्या हाती तलवार देते. मग दसऱ्याला सीमोल्लंघन. देवीला एकशे आठ साड्यांचे दिंड गुंडाळतात, नगरकडून आलेल्या पालखीत बसवतात आणि संबळाच्या आवाजात देवळाला प्रदक्षिणा होते. त्या घटकेला आठही हात वस्त्राआड असतात. आई दिसली नाही असे मात्र कोणी म्हणत नाही. पुढे कोजागिरीपर्यंत ती पलंगावर श्रमनिद्रा घेते.

कमीत कमी आकारात देव पाहण्याचे हे धन आपल्या आधुनिक चित्रकारांनी ओळखले. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे वाराणसीत राहून तंत्राच्या आकृत्यांपर्यंत पोचले. जे. जे. स्कूलमध्ये शंकर पळशीकरांनी शिकवता शिकवता आपल्या चित्रांत तोच शोध चालवला. सय्यद हैदर रझा पॅरिसमध्ये अर्धे आयुष्य राहूनही बिंदूकडे परतले. आणि मकबूल फिदा हुसेन तर तुळजापूरशेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, 1915 साली पंढरपुरात जन्मलेले. राममनोहर लोहियांनी सुचवले म्हणून त्यांनी रामायणाची चित्रमालिका केली. याच हुसेनांनी 1970 च्या दशकात काढलेल्या सरस्वतीच्या रेखाटनावरून 1996 मध्ये वादळ उठले. 2006 मध्ये त्यांनी देश सोडला आणि 2011 मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांची मने दुखावली त्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण पंढरीत जन्मलेल्या चित्रकाराला परक्या मातीत झोपावे लागले, याची खंत मला वाटते. चित्र न आवडणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. चित्रकाराला घरदार सोडायला लावणे हा कोणाचाच नव्हे.

देवीचे रूप कसे असावे हा प्रश्न आता आमच्या जिल्ह्याच्या दारात आहे. तुळजापूरच्या विकास आराखड्यात भवानी शिवरायांना तलवार देते आहे असे 108 फूट उंचीचे शिल्प उभारायचे ठरले आणि 2025 मध्ये देवी अष्टभुजा असावी की द्विभुजा यावर वाद रंगला. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने गाभाऱ्यातली देवी अष्टभुजाच आहे आणि शिल्पातही ती तशीच असावी असे मला वाटते. पण हातांच्या संख्येवर चर्चा संपू नये. शिल्प घडवणाऱ्याने आधी पहाटेचे चरणतीर्थ पाहावे, रात्रीचे प्रक्षाळ पाहावे, आराधी बायकांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि हातातली परडी पाहावी, गोंधळ्यांचा पेटता पोत पाहावा. कॅलेंडरावरून मोठे केलेले चित्र 108 फुटांचे झाले तरी कॅलेंडरच राहील.

एक विनंती. या दिवाळीत घर झाडताना माळ्यावर, फडताळामागे जुनी तसबीर सापडली, काच तडकलेली, कागद पिवळा पडलेला, तर ती नदीत सोडू नका, झाडाखाली ठेवू नका. चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते, ते वाचा. फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कधी, कोणत्या जत्रेतून आणली ते विचारा आणि मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आणि झिजलेला टाक असेल तर तो मोडीत घालून नवा करण्याआधी जुन्याचाही एक फोटो काढून ठेवा.