‘अँग्री ऑन मी’ म्हणणारा मुलगा चुकला काय?

आठवी-नववीच्या वर्गात एखादा मुलगा ‘ही इज अँग्री ऑन मी’ असे बोलला की वर्ग हसतो, मास्तर कपाळाला हात लावतात आणि तो मुलगा त्या दिवसापासून इंग्रजीत तोंड उघडण्याचे सोडून देतो. हा प्रकार आमच्या मराठी शाळांतून इतका सर्रास चालतो की, यात कोणावर अन्याय होत आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्या मुलाचा अपराध तो काय? मराठीत राग माणसा‘वर’ निघतो; ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ हे त्याला आपणच शिकविले; त्याने ते प्रामाणिकपणे बसविले. लग्न कोणा‘शी’ तरी होते म्हणून ‘मॅरीड विथ’. पुण्या‘ला’ पोहोचावयाचे म्हणून ‘रीच्ड टु पुणे’. कॉफी‘पेक्षा’ चहा बरा म्हणून ‘प्रिफर टी दॅन कॉफी’. या चुका आळसाच्या नव्हेत. मातृभाषेचा नियम निष्ठेने पाळल्याच्या आहेत. ज्या चुकीला इतका सरळ नियम आहे तिच्यावर इलाजही सरळ असला पाहिजे, पण तो करावयास मास्तरांनी मराठीचे नाव काढावे लागते, आणि इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणे म्हणजे अलीकडे पातक होऊन बसले आहे!

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे दहावीस बसणारा विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकतो. तरी शब्दयोगी अव्ययांचे शिक्षण बहुधा याद्या पाठ करण्यावर व गाळलेल्या जागा भरण्यावर येऊन थांबते. गाळलेली जागा भरता आली म्हणून वाक्य रचता येते असे नाही. मोडक्या भिंतीत एक वीट बसविणे निराळे आणि भिंत बांधणे निराळे.

आमच्या मते या शिक्षणाचा उत्तम पाठ प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांतच छापलेला असतो आणि तोच कोणी शिकवीत नाही. संविधानाची उद्देशिका मराठी व इंग्रजी अशी शेजारी शेजारी ठेवून पाहा. इंग्रजीत स्वातंत्र्याच्या कलमात ‘ऑफ’ हा शब्द एकदाच, आरंभी येतो, आणि त्याची सत्ता विचारापासून उपासनेपर्यंत पाचही शब्दांवर पुढे पुढे चालते. मराठीत तेच पाच शब्द आधी येतात आणि शेवटचा ‘यांचे’ हा शब्द त्या सर्वांस मागून कवेत घेतो. लगेच पुढे समानता येते. तेथे इंग्रजीने ‘ऑफ’ दोनदा लिहिला आहे आणि मराठीनेही ‘दर्जाची व संधीची’ असा प्रत्यय दोनदा लिहिला आहे. इंग्रजीचे अव्यय पुढे उभे राहते, मराठीचे मागे. पण एकाच अव्ययाने सर्वांस बांधावे किंवा प्रत्येकास स्वतंत्र द्यावे, हा विवेक दोन्ही भाषांचा एकच आहे. हे ज्याला एकदा दिसले त्यास याद्यांची घोकंपट्टी निम्मी तरी वाचेल.

इंग्रजीत जिला ‘पॅरलल स्ट्रक्चर’ म्हणतात त्या समांतर रचनेचीही गोष्ट हीच. आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या एका तरुण वकिलाने भाडेकरूस द्यावयाच्या नोटिशीचा मसुदा आणला. त्यात तीन मागण्या होत्या. पहिली क्रियापदात, दुसरी नामात, तिसरी ‘दॅट’ लावून आलेल्या आख्ख्या वाक्यात! मराठी शाळेतून आलेला, बुद्धीने तल्लख मुलगा. आम्ही दुरुस्ती न करता कागद परत दिला आणि हीच नोटीस मराठीत लिहून आणा म्हणून सांगितले. पाच मिनिटांत तो घेऊन आला: जागा रिकामी करावी, थकलेले भाडे द्यावे, पोटभाडेकरू काढावा. करावी, द्यावे, काढावा! तिन्ही एका ओळीत, न सांगता. मग त्याच ओळीवर ‘टु व्हेकेट, टु पे, टु रिमूव्ह’ बसवावयास त्यास क्षणही लागला नाही. समांतर रचना त्याच्या कानात जन्मापासून होती. शाळेने ती त्याच्या इंग्रजीपर्यंत पोहोचू दिली नव्हती एवढेच.

कोणी म्हणतील की, अशाने मुले मराठीतून विचार करून भाषांतर करीत बसतील. त्यांस आमचे सांगणे असे की, ती आजही तेच करतात; फक्त चोरून करतात, म्हणून चुकतात. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, ती पाठमाला दोन भाषांच्या तुलनेवरच उभी आहे. उलट १९३० च्या दशकात निघालेले रेन व मार्टिन यांचे व्याकरण आजही विकत मिळते. ग्रंथ थोर खरा, पण मराठी मुलगा नेमका कोठे अडखळतो हे सांगणे त्याचे कामच नव्हे. आगरकरांनी १८८८ साली वाक्यमीमांसेवर मराठीत ग्रंथ लिहिला. वाक्य उलगडून पाहण्याची विद्या आपल्या भाषेत आहे. ती इंग्रजीच्या तासाला बाहेर ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

शब्दयोगी अव्यये म्हणजे क्षुल्लक बाब असे वाटणाऱ्यांनी १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे नववे कलम पाहावे. केंद्रीय कायद्यात मुदत मोजताना पहिला दिवस वगळावयाचा तर ‘फ्रॉम’ आणि शेवटचा दिवस धरावयाचा तर ‘टु’ हा शब्द पुरे, असे तेथे सांगितले आहे. एका दिवसाने अपील मुदतीबाहेर जाते आणि त्याबरोबर एखाद्याची जमीन जाते. उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजीत चालते. ही स्थिती आम्हांस आवडते असे नाही, ती पालटावी असेच आमचे मत आहे. पण ती पालटेपर्यंत मराठी शाळेतील मुलीमुलांनी दाराबाहेर उभे राहावे काय?

तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांस आमची सूचना एवढीच की, गाळलेल्या जागांचे काही गुण कमी करून तेथे मराठीतील तीन-चार वाक्ये द्यावीत, त्यांचे इंग्रजी मागावे, आणि ‘शी’, ‘वर’, ‘ला’, ‘पेक्षा’ यांच्या जागी इंग्रजीने काय केले व का, हे एका ओळीत मराठीत लिहावयास सांगावे. ती एक ओळ शिकविण्यासाठी मास्तरांस आधी मराठी व्याकरण उघडावे लागेल.