गोडी छाटणीपासून ग्लासापर्यंत

नाशिकला येणाऱ्या पाहुण्याचा रस्ता पूर्वी ठरलेला असायचा. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा आणि दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर. आता तीच मंडळी दर्शन आटोपून दुपारी गंगापूर धरणाकडे वळतात. गोवर्धन, गंगावऱ्हे या गावांच्या शिवारात वायनऱ्या आहेत आणि शनिवार-रविवारी त्यांच्या टेस्टिंग रूममध्ये उभं राहायला जागा नसते. एकाच सहलीत तीर्थही आणि वाइनही, हे नाशिकने फारशी खळखळ न करता रुळवलं.

महाराष्ट्रातल्या वाइनची सुरुवात मात्र नाशिकची नव्हे. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात विकली. आपल्याकडे ती मोठ्या हॉटेलांपुरतीच राहिली. नाशिकचं चित्र पालटलं ते राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून ते नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. इतर पिकं करून पाहिल्यावर त्यांनी वाइनच्या द्राक्षांना हात घातला. केरी डॅमस्की हे कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ मदतीला होते. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचं नाव पडलं ‘सुला’, आणि २०००मध्ये पहिली बाटली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्यात उत्पादन शुल्काची सवलत होती, परवाने सोपे झाले होते, विंचूर आणि पलूसला वाइन पार्कही ठरले होते. तालुक्या-तालुक्यातले बागायतदार वायनरीचे आराखडे काढू लागले.

माझ्या मते या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट २००५मध्ये घडली. सुलाने वायनरीतच टेस्टिंग रूम उघडली. तोवर वाइन घ्यायची तर जाळीआडून व्हिस्की-रम विकणाऱ्या दुकानात जावं लागे, आणि तिथे कुणी सासूबाईंना घेऊन जात नाही. टेस्टिंग रूममध्ये सासूबाई आल्या. बाल्कनीतून मळा दिसतो, पलीकडे धरणाचं पाणी दिसतं, गणवेशातला मुलगा नीट समजावून सांगतो. मध्यमवर्गीय कुटुंबाला मद्याकडे चोरून न बघता समोरून बघण्याची जागा त्यामुळे मिळाली. त्यावर कुणाचा आक्षेप असू शकतो आणि तो मला समजतो. पण एवढा बदल कुठल्याही जाहिरातीने केला नसता.

वायनरी दाखवणारी फेरी सगळीकडे साधारण सारखीच असते. आधी द्राक्षं उतरवतात ती जागा, मग देठ वेगळे करणारं यंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा प्रेस, त्यानंतर स्टीलच्या उंच टाक्या. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं लगेच पिळतात आणि रस गार टाकीत सावकाश आंबवतात, म्हणजे वास उडून जात नाही. काळ्या द्राक्षांचाही गर बहुधा बिनरंगी असतो. रंग सालीत असतो, म्हणून लाल वाइनचा रस सालींसकट आंबतो. साली वर तरंगून त्यांचा जाड थर जमतो आणि तो वरचेवर भिजवत ठेवावा लागतो. शेवटी ओकच्या पिंपांची अंधारी खोली. सगळ्यांचे फोन इथे बाहेर निघतात.

मग प्रत्यक्ष चव. पाच-सहा वाइन, प्रत्येकी दोन-तीन घोट, हलकी आधी आणि जड नंतर. ग्लास दांड्याला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, गोल फिरवून हुंगायचा आणि मग घोट तोंडभर फिरवायचा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. पैसे मोजून घेतलेला घोट थुंकणारा मराठी माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

इथे माझी एक तक्रार आहे. मार्गदर्शक पाठ केल्यासारखे गूजबेरी आणि ब्लॅककरंट सांगत सुटतात. ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी ती फळं चाखलेली नसतात. नाशिकच्या सॉव्हिन्यॉन ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि पेरूचा वास येतो, तो एकदा दाखवून दिला की कुणालाही सापडतो. शिराझ या लाल वाइनच्या तुरटपणासाठी जांभूळ पुरतं. कुणीतरी ‘यात गोड कुठली?’ असं विचारतंच आणि बाकीचे हसतात. हसू नये. शेनिन ब्लांची द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढवून केलेली ‘लेट हार्वेस्ट’ वाइन ही इथली खरोखर चांगली चीज आहे.

खरी अद्भुत गोष्ट खिडकीबाहेर असते आणि तिच्याबद्दल फेरीत दोन वाक्यं येतात. युरोपात थंडीत वेल झोपी जाते आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतात. आपल्याकडे वेलीला झोप नाही. तिला कात्रीने चालवावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. म्हणून नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, शक्यतो ऊन चढायच्या आत. हिवाळ्यातले ऊबदार दिवस आणि गारठ्याच्या रात्री फळातली आंबट धार टिकवतात. निफाडचा पारा किती घसरला ही वर्तमानपत्रातली बातमी वाइनवाल्यांच्या कामाची असते.

खाण्याच्या द्राक्षाचं सगळं याच्या उलट. थॉमसन किंवा सोनाका करणारा शेतकरी मणी फुगावा म्हणून विरळणी करतो, जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतो. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं. माल जाणूनबुजून कमी धरायचा, म्हणजे रस दाट होतो. डावणी-भुरीसारखे रोग आणि अवकाळी पाऊस मात्र दोघांनाही सोडत नाहीत. पुष्कळ माल करार शेतीतून येतो. शेतकऱ्याला मजुरी कमी लागते, दर आधी ठरतो, पण हे द्राक्ष हातगाडीवर विकता येत नाही. वायनरीने पाठ फिरवली की संपलं. २००८च्या मंदीनंतर नेमकं तेच झालं. इंडाज कोसळली, अनेक छोट्या वायनऱ्यांना टाळी लागली आणि शेतकऱ्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. ही हकिकत टेस्टिंग रूममध्ये ऐकायला मिळत नाही. मिळायला हवी.

त्या पडझडीतून जे तगले, त्यांत पाहुण्यांना वायनरीपर्यंत आणणारे ठळक दिसतात. गंगावऱ्ह्याची यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची वायनरी २०२१मध्ये सुलाने घेतली आणि डिसेंबर २०२२मध्ये सुला शेअर बाजारात आली. इगतपुरीकडे मुकणे धरणाजवळ व्हॅलोने आहे, सांजेगावला ग्रोव्हर झांपा. तिकडे अकलूज परिसरात मोहिते-पाटील घराण्यातल्या भागीदारांनी इटालियन बंधूंबरोबर फ्रातेल्ली उभी केली. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अण्णा हजारेंपासून विरोधी पक्षांपर्यंत सगळे तुटून पडले आणि निर्णय कागदावर राहिला. वायनरीच्या आवारात जे निमूट चालतं, ते किराण्याच्या फळीवर चालत नाही.

जायचंच असेल तर फेब्रुवारीत जा, तेव्हा तोडणी चालू असते. शनिवार-रविवार टाळा. मोठ्या वायनरीबरोबर एखादी छोटीही बघा. तिथे वाइन करणारा माणूस स्वतः भेटण्याची शक्यता जास्त असते आणि त्याला छाटणीबद्दल विचारलं तर तो घड्याळ विसरतो. वयाचा पुरावा जवळ ठेवा, पोटात काहीतरी असू द्या. आणि गाडी चालवणाऱ्याला चवीच्या रांगेतून वगळा. दोन-दोन घोट म्हणता म्हणता दुसऱ्या वायनरीत दोन-तीन ग्लासांचा हिशेब होतो आणि मुंबईला परतायचं तर कसारा घाट वाटेवरच आहे.