दारावरच्या रेघा कोण पुसतो?

दिवाळीच्या आधी रंगारी घराचे दार रंगवतो तेव्हा पाहा. ब्रश फिरला की रंगावर केसांच्या बारीक रेघा उमटतात, आणि थोड्याच वेळात त्या आपोआप नाहीशा होतात. तेच काम आपण हाती घेतले, की रेघा तशाच वाळतात, नाहीतर खालच्या कडेला ओघळ लोंबतात. रंग तोच, ब्रश तोच. मग असे का व्हावे?

रेघा गुरुत्वाकर्षणाने सपाट होतात, असे पुष्कळांना वाटते. पण दार तर उभे असते! गुरुत्वाकर्षण रंगाला फक्त खाली ओढते. रेघा पुसण्याचे काम करतो पृष्ठताण. द्रव आपले पृष्ठफळ शक्य तितके कमी करू पाहतो. रेघांनी उंचसखल झालेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सपाट पृष्ठभागापेक्षा जास्त असते. म्हणून उंचवट्यावरचा रंग शेजारच्या खळगीत सरकतो.

या सरकण्याला विरोध करते ती श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचे गाव. तेथील विद्यार्थ्यांना श्यानता वेगळी सांगायला नको. साखर काढून घेतल्यावर उरणारी मळी थंडीत किती सावकाश वाहते आणि तापवली की कशी सैल होते, हे ऊसपट्ट्यात सर्वांना ठाऊक असते.

रेघा सपाट व्हायला किती वेळ लागतो, याचे गणित एस. ई. ऑर्चर्ड यांनी १९६२ साली मांडले. हा वेळ श्यानतेच्या सम प्रमाणात, रेघांमधील अंतराच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे इतर गोष्टी तशाच ठेवून रेघांमधले अंतर निम्मे केले, तर वेळ सोळावा हिस्सा लागेल! चांगल्या रंगाऱ्याचा मऊ, बारीक केसांच्या ब्रशाचा आग्रह असतो तो यासाठी.

थर दुप्पट जाड केला तर वेळ आठव्या हिश्शावर येईल. मग जाडच थर का देऊ नये? कारण तेव्हा गुरुत्वाकर्षण डाव साधते. थर दुप्पट झाला की पृष्ठभागाचा रंग चौपट वेगाने घसरतो, आणि खाली वाहणारा एकूण रंग आठपट होतो. हेच ते ओघळ! म्हणून एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत. जमल्यास दार बिजागऱ्यांतून काढून आडवे ठेवावे. मग ओघळांची भीती राहत नाही.

आता प्रश्न वेळेचा. ऑईलपेंटमधले टर्पेंटाईन उडू लागते तशी श्यानता वाढते. पुढे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घेते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन थर कडक होतो. रेघा पुसल्या जायच्या त्या याआधीच. खानदेशातल्या वैशाखात भर उन्हात किंवा पंख्याखाली रंग दिला, तर टर्पेंटाईन झपाट्याने उडते आणि रेघा जागच्या जागी गोठतात. रंग सकाळी, सावलीत द्यावा. आणि आवळू लागलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवू नये. त्या नव्या रेघा पुसायला पृष्ठताणाला सवडच मिळत नाही.

पृष्ठताण लाकडातले खड्डे मात्र भरत नाही. त्यासाठी आधी लांबी भरून, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासावे लागते. येथे एक सावधगिरी हवी. घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकते, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. जुना रंग कधीही कोरडा घासू नये. मोठ्यांनी तो ओला करून घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी एक प्रयोग. ताटात काकवीचा पातळ, सारखा थर पसरा. एका बाजूला बारीक दातांची आणि दुसऱ्या बाजूला रुंद दातांची फणी अलगद फिरवा. कोणत्या रेघा आधी पुसल्या जातात? मग ताट तिरपे धरा आणि ओघळ कधी सुटतो ते पाहा. थर जाड करून हेच पुन्हा करा. रंगाऱ्याच्या हाताला जे अनुभवाने कळते, ते तुम्हाला त्या ताटात दिसेल.