‘पर्व’, ‘परीक्षक’ आणि ‘बाद’ : दूरचित्रवाणीवरील मॉडेल-स्पर्धेची भाषा
(डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात)

१

दूरचित्रवाणीवरील मॉडेलांची स्पर्धा हा भाषाभ्यासाचा विषय होऊ शकेल असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. तेथे जे पुढे मांडले जाते ते शरीर असते. चाल, बांधा, मुद्रा आणि वेष यांचे ते प्रदर्शन असते. परंतु अशा स्पर्धेचे एखादे पर्व ध्यानपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. शरीर दाखविले जाते, पण निकाल लागतो तो शब्दांनी. स्पर्धक काही क्षण चालते आणि थांबते. त्यानंतर बराच वेळ तिच्याविषयी बोलले जाते. कोणी काय म्हटले, कोणत्या भाषेत म्हटले आणि त्यावर तिने काय उत्तर दिले, यांवरच त्या भागाचे सारे नाट्य उभे असते. या दृष्टीने पाहता मॉडेल-स्पर्धा ही मुख्यतः एक भाषिक घटना आहे.

या प्रकाराचा आधुनिक सांगाडा अमेरिकेत तयार झाला. टायरा बँक्स यांची ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ ही मालिका मे २००३ मध्ये सुरू झाली आणि तिची चोवीस आवर्तने २०१८ पर्यंत झाली. तिच्या अनेक देशी आवृत्त्या निघाल्या. भारतात एमटीव्ही वाहिनीवर २०१५ साली ‘इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ सुरू झाली. लिसा हेडन या तिच्या सूत्रधार होत्या आणि पहिल्या पर्वाच्या विजेत्या डॅनियल कॅन्यूट ठरल्या. पुढे त्याच वाहिनीने डिसेंबर २०१९ मध्ये ‘सुपरमॉडेल ऑफ द इयर’ या नव्या स्पर्धेचे पहिले पर्व आरंभिले. प्रस्तुत विवेचनासाठी हेच पर्व विशेष उपयुक्त आहे. त्याचे परीक्षक मलायका अरोरा, मसाबा गुप्ता आणि मिलिंद सोमण हे होते. मार्गदर्शक म्हणून अनुषा दांडेकर व उज्ज्वला राऊत यांनी काम केले. विजेत्या मनिला प्रधान या सिक्कीमच्या होत.

या नावांत मराठी वाचकास सहज जाणवणारी एक गोष्ट आहे. दादरमध्ये वाढलेले आणि १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’ या गीतचित्रामुळे घरोघर परिचित झालेले सोमण. १९९६ साली ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ ठरलेल्या मुंबईच्या राऊत. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मराठी कुटुंबातील दांडेकर : पाचांपैकी तीन नावे मराठी होती. तथापि निर्णयाची भाषा मराठी नव्हती. ती इंग्रजी होती आणि अधूनमधून हिंदी. परीक्षकांची मातृभाषा आणि परीक्षणाची भाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२

प्रथम संज्ञांचा विचार करू. इंग्रजीतील ‘सीझन’ या शब्दाला मराठी दूरचित्रवाणीने ‘पर्व’ हा प्रतिशब्द रूढ केला. ‘सीझन’चे मूळ लॅटिन भाषेत पेरणी या अर्थाच्या शब्दात आहे, पेरणीचा काळ, त्यावरून ऋतू, आणि ऋतूवरून कार्यक्रमाची एक मालिका असा त्याचा अर्थविस्तार झाला. ‘पर्व’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मात्र पेर, म्हणजे बांबूचा किंवा उसाचा सांधा. त्यावरून काळाचा सांधा म्हणजे सण, आणि ग्रंथाचा सांधा म्हणजे महाभारतातील पर्व. इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येणाऱ्या काळाचा बोध करून देतो; मराठी शब्द एका मोठ्या कथेच्या भागाचा. मराठी प्रतिशब्दामुळे स्पर्धेला नकळत महाकाव्याची प्रतिष्ठा प्राप्त होते. अमेरिकी मालिकेने स्वतःच्या पर्वांना ‘सायकल’, म्हणजे आवर्तन, असे नाव दिले होते. ते अधिक प्रांजळ म्हटले पाहिजे, कारण येथे कथा पुढे जात नाही, तीच रचना नव्या व्यक्तींसह फिरून येते.

डहाणू तालुक्यात ‘सीझन’ हा शब्द परका नाही. पण तो चिकूचा असतो किंवा मासळीचा. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि बागाईतदार व मजूर दोघेही तो शब्द पिकाच्या संदर्भात सर्रास वापरतात. तेथे सीझन संपला की माल संपतो, माणूस बाद होत नाही.

‘बाद’ हा दुसरा शब्द. मूळ फारसी-अरबी परंपरेतून मराठीत आलेला हा शब्द हिशेबात ‘वजा’ या अर्थाने आणि क्रीडांगणावर ‘खेळाबाहेर’ या अर्थाने स्थिरावला. ‘परीक्षक’ हा शब्द शाळेतून आला, ‘स्पर्धक’ मैदानातून. अशा रीतीने मॉडेल-स्पर्धेचे मराठी वर्णन करताना जे शब्द हाती येतात ते हिशेब, खेळ आणि परीक्षा या तीन क्षेत्रांचे आहेत. या तिन्ही क्षेत्रांत माप असते : रक्कम मोजता येते, यष्टी पडलेली दिसते, उत्तरपत्रिका पुन्हा तपासता येते. मॉडेल-स्पर्धेत असे माप कितपत आहे, हा खरा प्रश्न आहे.

३

या प्रश्नाच्या उलगड्यासाठी जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या विवेचनाचा उपयोग होतो. हार्वर्ड येथे १९५५ साली दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी असे दाखविले की काही वाक्ये वस्तुस्थितीचे कथन करीत नाहीत, ती कृती घडवून आणतात. ‘मी या नौकेला अमुक नाव देतो’ हे वाक्य खरे किंवा खोटे नसते. योग्य व्यक्तीने योग्य प्रसंगी उच्चारले की नाव दिले जाते. अशा वाक्यांना कृतिवाक्ये म्हणता येईल. त्यांचे जे प्रकार ऑस्टिन यांनी कल्पिले त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. पहिला निर्णयवाचक : पुराव्यावरून किंवा निरीक्षणावरून निष्कर्ष सांगणारा, क्रिकेटमधील पंचाचा ‘बाद’ हा उच्चार या प्रकारचा. दुसरा अधिकारवाचक : आपल्या अधिकारात नेमणूक, बडतर्फी, आज्ञा करणारा. पंच चुकू शकतो, कारण त्याचा निर्णय घडलेल्या गोष्टीशी ताडून पाहता येतो. नेमणूक करणारा या अर्थाने ‘चुकत’ नाही; फार तर ती नेमणूक अयोग्य होती असे म्हणता येते.

अमेरिकी मालिकेतील निरोपाचा विधी आता आठवावा. प्रत्येक भागाच्या अखेरीस पुढील फेरीत गेलेल्या मुलींची छायाचित्रे सूत्रधार एकेक करून त्यांच्या हाती देत असे. शेवटी दोघी उरत आणि सूत्रधाराच्या हातात एकच छायाचित्र उरे. ज्या वाक्याने त्यांपैकी एकीला जावे लागे ते वाक्य वस्तुतः अधिकारवाचक असते. कोणाला ठेवायचे हे ठरविण्याचा अधिकार कार्यक्रमाकडे असतो. परंतु त्याचे रूप मात्र निर्णयवाचक असते. आधी कारणे दिली जातात, छायाचित्रातील दोष दाखविले जातात, प्रगतीचा हिशेब मांडला जातो, आणि मग जणू त्या हिशेबाची अपरिहार्य बाकी म्हणून एक नाव उच्चारले जाते. अधिकाराचे वाक्य मापाच्या वेषात पुढे येणे, हे या साऱ्या प्रकाराचे भाषिक मर्म होय. मापेही किती सांकेतिक असतात याचा पुरावा याच मालिकेने दिला : उंचीची अट एरवी कठोरपणे पाळणाऱ्या या स्पर्धेने २००९ मधील तेरावे आवर्तन पाच फूट सात इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या मुलींसाठीच राखून ठेवले.

४

या विवेचनाचा डहाणू आणि तलासरी यांच्याशी संबंध काय? दूरचित्रवाणी या मुलखाला नवी नाही. तलासरीलगत, राज्याच्या सीमेपलीकडे असलेल्या उंबरगाव येथे रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रण झाले. १९८७–८८ मध्ये देशाने जे पाहिले ते या प्रदेशाच्या वेशीवर घडत होते. उपग्रहवाहिन्यांमुळे मॉडेल-स्पर्धाही येथील घरांत पाहता येऊ लागल्या. परंतु येथील समाजाजवळ कृतिवाक्यांची स्वतःची एक परंपरा आहे, आणि तुलनेसाठी ती फार उद्बोधक आहे.

वारली विवाहात धवलेरीचे स्थान मध्यवर्ती असते. घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवीची आकृती असते, आणि धवलेरी ही स्त्री गाण्यांतून विवाहाचे विधी पार पाडते. तिचे गाणे विवाहाचे वर्णन करीत नाही. त्या गाण्याने विवाह लागतो. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगायचे तर ते उघड उघड अधिकारवाचक आहे. येथेही एक तरुणी नटलेली, सर्वांच्या दृष्टीसमोर असते. पण धवलेरी तिचे माप घेत नाही, आपल्या उच्चाराला निष्कर्षाचे रूप देत नाही आणि कोणाला बाहेर काढीत नाही. तिचा अधिकार समाजाने दिलेला आहे आणि तिची भाषा वधूची भाषा आहे. या शेवटच्या मुद्द्यातच दोन्ही विधींतील खरा भेद आहे. उच्चारणारीची भाषा आणि जिच्याविषयी उच्चार होतो तिची भाषा एक असली, म्हणजे त्या उच्चाराला उत्तर देण्याची वाट खुली राहते.

याउलट, मॉडेल-स्पर्धेत परीक्षक कारणे सांगतात आणि स्पर्धकाकडून प्रतिसादाची अपेक्षा करतात. तू येथे का आलीस, त्या छायाचित्रात काय मनात होते, तू इतरांहून वेगळी कशी, या प्रश्नांना उत्तर देता आले पाहिजे. ‘आत्मविश्वास’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ ही जी मापे वरचेवर ऐकू येतात, ती बव्हंशी या उत्तरांवरून घेतली जातात. उंचीची अट उघड सांगितली जाते. भाषेची अट सांगावी लागत नाही, ती प्रश्नाच्या भाषेतच दडलेली असते.

तलासरी तालुक्यातील सुमारे नव्वद टक्के वस्ती अनुसूचित जमातींची आहे. दोन्ही तालुक्यांत वारलीबरोबर कोकणा, धोडिया, दुबळा या जमातींच्या आणि किनाऱ्यावर मांगेला समाजाच्या बोली ऐकू येतात. बाजारात गुजराती चालते. शाळेत प्रमाण मराठी. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात वारलीची गणना कोकणातील मराठी बोलींत झाली आहे, पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत ठाण्याच्या वारलीचे स्वतंत्र वर्णन केले. तरीही ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ असा उच्चार ऐकताच प्रमाण मराठीच्या कानाला तो बोलीभेद न वाटता दोष वाटतो. येथील मुलीला त्यामुळे एक नव्हे, दोन उंबरठे ओलांडावे लागतात : प्रथम बोलीकडून प्रमाण मराठीकडे, नंतर मराठीकडून इंग्रजीकडे. दुसरा उंबरठा येतो तोवर पहिल्याने तिचे बोलणे अर्धे थांबविलेले असते.

यावर असा आक्षेप संभवतो की विजेत्या प्रधान याही केंद्रापासून दूरच्या, डोंगरी राज्यातून आलेल्या होत्या; तेव्हा दूरत्व हा अडथळा कसा? आक्षेप योग्य आहे, आणि त्याने मूळ मुद्दा अधिक नेमका होतो. अंतर हा अडथळा नव्हेच. सिक्कीममध्ये इंग्रजी ही राज्यव्यवहाराची भाषा आहे आणि सरकारी शाळांचे माध्यमही इंग्रजी आहे. एका व्यक्तीच्या यशाचे कारण तेवढ्यावरून सांगता येणार नाही. मात्र गंगटोक मुंबईहून दूर आणि तलासरी जवळ, हे नकाशावरील अंतर परीक्षकाच्या मेजासमोर उलटे होऊ शकते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

५

मॉडेल-स्पर्धेत भाग घेणाऱ्या मुली थोड्या. तेव्हा हा प्रश्न गौण आहे असे कोणी म्हणेल. परंतु मापाच्या वेषातील अधिकारवाक्य केवळ रॅम्पशेजारी ऐकू येते असे नाही. नोकरीच्या मुलाखतीत ते असते, आणि विद्यापीठाच्या मौखिक परीक्षेतही असते. डहाणूची किंवा तलासरीची विद्यार्थिनी मौखिकीला बसते तेव्हा तिच्या उत्तराचे गुण आणि तिच्या उच्चाराचे गुण परीक्षक निरनिराळे ठेवतो काय? ‘विषयाचे आकलन बरे, मांडणी कच्ची’ असा शेरा लिहिताना ‘मांडणी’ या शब्दाखाली ‘पानी’ तर दडलेले नसते?

यावर काही साधे उपाय आहेत. मौखिकीपूर्वी मापे लिहून काढावीत आणि ती विद्यार्थ्यांना आधी कळवावीत. आकलन आणि अभिव्यक्ती यांचे गुण वेगळे द्यावेत. एखाद्या मुद्द्याचे स्पष्टीकरण विद्यार्थिनीने आपल्या बोलीत देण्यास मुभा असावी, विशेषतः विषय बोलींचाच असेल तेव्हा. पदव्युत्तर अभ्यासकांसाठी तर दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचे एखादे पर्व हे उत्तम पाठ्यसाहित्य ठरेल. एका भागातील परीक्षकांची सर्व वाक्ये लिहून घ्यावीत आणि प्रत्येकापुढे ते निर्णयवाचक आहे की अधिकारवाचक, याची नोंद करावी. जेथे वर्गीकरण करता येत नाही, तेथेच बहुधा अधिकाराने मापाचा वेष घेतलेला आढळेल. तोच अभ्यास नंतर आपल्या विभागातील गुणपत्रकांवरील शेऱ्यांचाही करून पाहावा.