उन्हाळ्यातील पंढरपूर

सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरजवळ भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते. म्हणून तिला येथे चंद्रभागा म्हणतात. चैत्र शुद्ध एकादशीस, ऐन उन्हाळ्यात, येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत विठ्ठलमूर्तीस शीतल चंदनाची उटी लावतात. गावाबाहेरील गोपाळपूरच्या टेकडीवर श्रीकृष्णाचे मंदिर आहे. तेथपर्यंत चालताना वाळू पाय पोळते, आणि नदीचे पात्र रोडावलेले दिसते. मग वारकऱ्यांनी स्नान कोठे करावे? त्यासाठी वरच्या अंगाच्या उजनी धरणातून अनेकदा पाणी सोडावे लागते. त्याच धरणावर शेते पिकतात व सोलापूर शहराची तहान भागते. म्हणून चंद्रभागेचे पाणी निर्मळ राखणे, हीही विठ्ठलाची सेवाच होय.